किडनी चालू होती: सहासष्टाव्या वर्षी केलेल्या प्रत्यारोपणाची पावणेअकरा वर्षं

किडनी प्रत्यारोपण झालेला रुग्ण गेला की आम्हा डॉक्टरांना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘बसवलेली किडनी बंद पडण्याचं कारण’ असा रकाना असतो आणि त्याखालच्या पर्यायांत एक पर्याय असतो, ‘किडनी चालू असताना रुग्णाचा मृत्यू’. जानेवारी २०२४ मध्ये माझ्या एका रुग्णाच्या, काकांच्या, फॉर्मवर मी त्या पर्यायापुढे खूण केली. त्याआधी अकरा दिवसांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं द्रव्य, १.७ होतं. किडनी काम करत होती.

मोजण्याच्या एका पद्धतीत या खुणेचा अर्थ होतो ‘किडनी गेली’. दुसऱ्या पद्धतीत ती शेवटपर्यंत टिकली असं धरतात. साठी-सत्तरीतल्या माणसाला किडनी बसवावी का, यावर घराघरांत आणि डॉक्टरांमध्येही जो वाद होतो, त्यातला निम्मा गोंधळ या एका रकान्यामुळे आहे असं मला इतक्या वर्षांच्या कामानंतर वाटतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. आजार कसा पुढे गेला आणि आम्ही काय ठरवलं, कुठे चुकलो, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

गिरगाव, तिसरा मजला

काका बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. २००४ मध्ये निवृत्त झाले. गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. रक्तदाब जुना. गोळी सुरू होती, पण बरं वाटलं की बंद आणि डोकं जड झालं की पुन्हा चालू, अशी. तीस वर्षं बस चालवून पाठ आणि गुडघे कुरकुरायचे, त्यावर डायक्लोफिनॅकची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटी मिळायची. आमच्याकडे आले तेव्हा सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसून साडेसात सेंटिमीटरच्या झाल्या होत्या. अशा किडनीची बायोप्सी करून हाती काही लागत नाही. रक्तदाबामुळे किडन्या गेल्या, वेदनाशामक गोळ्यांनी हातभार लावला, असं मी कागदावर लिहिलं.

डायलिसिस फेब्रुवारी २०११ पासून सुरू होतं. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या. आठवड्यातून तीन वेळा करायला सांगितलं होतं, पण पहिले सहा महिने पैशांमुळे दोनच वेळा करत होते. एका रविवारी रात्री छातीत पाणी भरलं, आयसीयूत ठेवावं लागलं, तेव्हापासून तीन वेळा. वय चौसष्ट.

जानेवारी २०१२ मध्ये ते पहिल्यांदा माझ्यासमोर बसले. मी नव्या रुग्णाला नेहमी विचारते, की उपचारातून तुम्हाला काय हवंय? बहुतेक जण ‘बरं व्हायचंय’ म्हणतात. काका म्हणाले, “मॅडम, गणपतीला गावी पाच दिवस राहता येईल एवढं करा.” गाव सावंतवाडीजवळ. घरचा गणपती गौरींबरोबर जाणारा. २०११ मध्ये त्यांनी आदल्या दिवशी डायलिसिस करून रात्रीची गाडी पकडली होती आणि गौरी यायच्या आत परत निघाले होते, कारण मुंबईत पुढची शिफ्ट लागलेली. मी फाइलच्या पहिल्या पानावर वर तेच लिहिलं: ‘गणपती, गाव, पाच दिवस.’ ते पान पुढे बारा वर्षं आमच्या फार उपयोगाला आलं.

“या वयात?”

हा प्रश्न काकांनी नाही, त्यांच्या मुलीने विचारला. वडील बाहेर वजन करायला गेले होते तेव्हा, हळू आवाजात. “मॅडम, बाबांना डायलिसिसवरच ठेवलं तर? ऑपरेशनमध्येच काही झालं तर?”

प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर आकड्यांशिवाय देता येत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९९ साली अमेरिकेतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला होता. मृत दात्याची किडनी मिळालेल्यांची तुलना त्याच प्रतीक्षायादीत डायलिसिसवर थांबलेल्यांशी केली होती. प्रत्यारोपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीत थांबलेल्यांच्या २.८ पट निघाला. म्हणजे मुलीची भीती खरी होती. पण हा धोका उतरत जातो, काही महिन्यांत डायलिसिसवाल्यांच्या बरोबरीला येतो आणि मग खूप खाली जातो. साठीच्या पुढच्या गटातही फायदा होता, तरुणांपेक्षा कमी, पण होता. पुढे २००७ साली केवळ सत्तरीच्या वरच्या अमेरिकी रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही प्रत्यारोपण झालेल्यांचा मृत्यूचा धोका यादीतल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होता.

हे आकडे सांगताना मी एक गोष्ट कधी वगळत नाही. ही तुलना डायलिसिसवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांशी नाही. यादीत नाव लागलेल्यांशी आहे, म्हणजे हृदय, फुफ्फुसं, रक्तवाहिन्या तपासून कोणीतरी आधीच ‘हे ऑपरेशन सोसतील’ असं ठरवलेल्यांशी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे आकडे लागू नाहीत. तेव्हा मुलीला मी सांगितलं, की सरासरी काय सांगते ते तू ऐकलंस, आता तुझे बाबा त्या सरासरीत बसतात का ते बघू. त्यासाठी वय विचारून भागत नाही, माणूस चालवून बघावा लागतो.

मी काकांना ओपीडीच्या पॅसेजमध्ये चार मीटर चालवलं. पाच सेकंद लागले. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितलं, चौदा सेकंद. फार चांगलं नाही, पण वाईटही नाही. आणि ते रोज तीन मजले चढतात, ही माझ्या लेखी कुठल्याही रिपोर्टइतकीच मोठी गोष्ट होती. साठीनंतर दोन माणसांच्या शरीरात जेवढा फरक पडतो तेवढा पंचविशीत पडत नाही. बासष्टाव्या वर्षी काठी घेऊन दमणारे मी पाहिलेत आणि बहात्तराव्या वर्षी आपली शिफ्ट संपल्यावर लोकल पकडून घरी जाणारेही.

मग अडलं ते हृदयापाशी. हृदयाच्या ताणचाचणीत दोष दिसला, अँजिओग्राफी केली, उजव्या बाजूची मुख्य धमनी ऐंशी टक्के चोंदलेली. मार्च २०१२ मध्ये औषधी स्टेंट टाकला. त्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर थांबवायच्या नाहीत, असा त्या काळचा दंडक होता, आणि त्या चालू असताना प्रत्यारोपणाचं ऑपरेशन करत नाहीत. म्हणजे आणखी एक वर्ष डायलिसिस. प्रत्यारोपणाआधी डायलिसिसवर काढलेलं प्रत्येक वर्ष नंतरच्या निकालात वजावट करतं, आणि वय झालेल्या माणसाची शिल्लक आधीच थोडी असते. तरी ते वर्ष आम्ही वापरलं. डायलिसिस नसलेल्या दिवशी संध्याकाळी काका गिरगाव चौपाटीवर चालायचे, आधी एक फेरी, दिवाळीपर्यंत तीन. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. डाळ आणि अंड्याचा पांढरा भाग वाढवला. सीटी स्कॅन करून पोटाच्या खालच्या धमन्या बघितल्या. किडनी जिथे जोडायची ती धमनीच चुन्याने कडक झालेली असेल तर सर्जनला टाका घालायला जागा उरत नाही, आणि हे वयस्कर रुग्णात नेहमी दिसतं. काकांची उजवी बाजू मऊ होती.

किडनी कोणाची

मुलगी चौतीस वर्षांची, रक्तगट जुळत होता, तिने लगेच हो म्हटलं. काकांनी तेवढ्याच लगेच नाही म्हटलं. “तिचं सगळं आयुष्य पडलंय.” मला ते वैद्यकीयदृष्ट्याही पटलं. ज्या किडनीकडून आम्ही दहा-बारा वर्षांची अपेक्षा धरतो आहोत, तिच्यासाठी चौतीस वर्षांच्या बाईला पुढची पन्नास वर्षं एका किडनीवर ठेवणं मला मान्य नव्हतं.

काकू तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या. रक्तगट ओ, काकांचा बी, म्हणजे चालत होतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी ‘जवळचे नातेवाईक’ या व्याख्येत येतात. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. नातं सिद्ध करायला कागद लागतात आणि १९७५ च्या लग्नाची नोंदणी झालेली नव्हती, म्हणून रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि काचेच्या फ्रेममधला लग्नाचा फोटो, फ्रेमसकट, प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे आला.

आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये आया आणि बायकाच जास्त असतात. बायकोने नवऱ्याला किडनी देणं इतकं गृहीत धरलं जातं, की तिला कोणी एकटीला बसवून विचारतच नाही. मी काकूंना घरच्यांना बाहेर ठेवून दोनदा भेटले. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “गेली दोन वर्षं मी ह्यांचं पाणी मोजतेय. स्टीलच्या पेल्याला आतून नेलपॉलिशची खूण केलीय. तिच्यावर गेलं की ओरडायचं. उन्हाळ्यात रात्री उठून चोरून पितात आणि मी झोपेचं सोंग घेते. हे मला नको झालंय.” यावर आणखी काय विचारणार? त्यांच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. दोन्ही किडन्यांचं काम मिळून वयाच्या मानाने उत्तम, लघवीत प्रथिन नाही, रक्तदाब गोळीशिवाय १२६/८०. तरी मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की पुढे तुम्हाला रक्तदाब होऊ शकतो, आणि तुमची तपासणी दरवर्षी, आयुष्यभर व्हायला हवी, ह्यांची किडनी चालो वा न चालो.

काकू नसत्या तर? मुंबईत झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव लावून मेंदूमृत दात्याची वाट बघावी लागते, आणि ती काही वर्षांची असते. पुढच्या काळात तर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पासष्ट वर्षांवरच्यांना या यादीत नाव लावायला मनाई होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ती वयाची अट काढली. मला ते फार उशिरा वाटलं, पण झालं ते चांगलं. तरुणांच्या वाट्याची किडनी म्हातारे घेतील या शंकेवर युरोपात १९९९ पासून एक उत्तर वापरात आहे. पासष्टीच्या वरच्या दात्याच्या किडन्या पासष्टीच्या वरच्यांनाच द्यायच्या, आणि जवळच्या जवळ, म्हणजे किडनी बर्फात कमी वेळ राहते. आपल्याकडे वयस्कर मेंदूमृत दात्याच्या किडन्या नाकारल्या जातात तेव्हा मला या योजनेची आठवण होते.

ऑपरेशन आणि गॅलरीचं टोक

एप्रिल २०१३ मध्ये ऑपरेशन झालं. काकूंची डावी किडनी दुर्बिणीतून काढली, काकांच्या उजव्या ओटीपोटात बसवली, क्लॅम्प काढल्यावर टेबलावरच लघवी सुरू झाली. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.४. प्रतिकारशक्ती दाबायचं सुरुवातीचं औषध म्हणून आम्ही बॅसिलिक्सिमॅबचे दोन डोस दिले, जास्त जोरकस एटीजी टाळलं. वय वाढतं तशी शरीराची परक्या अवयवावर तुटून पडायची ताकदही मंदावते. वयस्कर रुग्णाला रिजेक्शनपेक्षा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्यापेक्षा, जंतुसंसर्गाची भीती जास्त असते. हे माहीत असूनही पुढे मी जे केलं ते खाली येतंच आहे.

अडचण भलतीकडूनच आली. सहाव्या दिवशी कॅथेटर काढला आणि काकांना लघवी होईना, पोट तट्ट फुगलं. प्रोस्टेट वाढलेली होती. दोन वर्षं लघवीच जवळजवळ नसलेल्या माणसाची प्रोस्टेट त्रास देत नाही, म्हणून ती कोणाच्या ध्यानात येत नाही. नवी किडनी दिवसाला तीन लिटर पाठवायला लागली की ती आपलं अस्तित्व दाखवते. कॅथेटर परत दहा दिवस, लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन सुरू, मग जमलं. साठीच्या वरच्या प्रत्येक पुरुषाची प्रोस्टेट आधी बघायची, हे तेव्हापासून मी माझ्या यादीत घातलं.

आणि घरी गेल्यावरची गोष्ट आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. दोन वर्षं रिकामं राहिलेलं मूत्राशय आक्रसतं, त्यात थोडंच मावतं. काकांना रात्री पाच-सहा वेळा उठावं लागायचं. संडास गॅलरीच्या टोकाला, बारा खोल्या ओलांडून, चाळीस वॅटचा एक दिवा, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर फरशी ओली. पोटावर ताजे टाके, अंगात स्टेरॉइड, वय सहासष्ट. पडले असते तर खुब्याचं हाड मोडलं असतं आणि मग कसली किडनी. हे मला कळलं ते काकू ओपीडीत सहज बोलून गेल्या म्हणून. त्या रात्रीपासून पलंगाखाली लघवीचं भांडं आलं, दोन महिन्यांत मूत्राशय सैलावलं. डिस्चार्जच्या वेळी ‘घरात संडास कुठे आहे’ हे मी आता प्रत्येकाला विचारते.

काकू तोपर्यंत उलट्या कामाला लागल्या होत्या. दिवसाला तीन लिटर पाणी पाजायचं होतं, आणि काकांना दोन पेल्यांच्या वर पिण्याची सवयच राहिली नव्हती. खूण केलेल्या पेल्यानेच त्या मोजून पाजायच्या.

माझी चूक

त्या वर्षीचा गणपती पाचव्या महिन्यात आला, मी गावाला जाऊ दिलं नाही. २०१४ ला गेले, पाच दिवस राहिले, परत येताना माझ्यासाठी खाजं घेऊन आले. रक्तातली साखर पहिल्या वर्षातच वाढली होती, किडनी नाकारली जाऊ नये म्हणून रोज घ्यायचं टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड, दोन्ही त्याला कारण. गोळ्यांवर आटोक्यात राहिली.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचा, मायकोफिनोलेटचा, डोस मात्र मी पहिली पावणेतीन वर्षं दिवसाला पूर्ण दोन ग्रॅम ठेवला. कारण एवढंच, की सगळं छान चाललं होतं. क्रिएटिनिन १.४, टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल बरोबर, रुग्ण खूश, मग हात कशाला लावा? तिशीतल्या रुग्णात हा विचार चालून जातो. सत्तरीकडे निघालेल्या, स्टेंटवाल्या, साखरवाल्या माणसात रिजेक्शनची भीती तेवढी नसताना मी त्याची प्रतिकारशक्ती विनाकारण दाबून ठेवली होती. मी तो डोस पहिल्या वर्षाअखेरीस कमी करायला हवा होता.

जानेवारी २०१६ मध्ये काकांना संध्याकाळचा ताप यायला लागला. खोकला फारसा नव्हता. दीड महिन्यात चार किलो वजन गेलं. थुंकीत काही नाही. दुर्बीण घालून फुफ्फुसातलं पाणी तपासलं, जीनएक्स्पर्ट या टीबीच्या जंतूच्या तपासणीत टीबी निघाला. मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या अंगात टीबीचा जंतू वर्षानुवर्षं झोपून असू शकतो, आणि आम्ही दिलेली औषधं त्याच्यावरचा पहारा उठवतात.

प्रत्यारोपणानंतरच्या टीबीत खरी पंचाईत असते रिफॅम्पिसिनची. टीबीचं ते सगळ्यात भरवशाचं औषध, पण ते यकृतातल्या ज्या यंत्रणेला जोर देतं तीच टॅक्रोलिमस मोडून टाकते. लेव्हल कोसळते आणि किडनी जाऊ शकते. आम्ही रिफॅम्पिसिन वगळून लेव्होफ्लॉक्सासिनवर आधारलेलं मिश्रण दिलं, मायकोफिनोलेट निम्म्यावर आणलं, त्यातलं एथाम्ब्युटॉल नजरेला अपाय करू शकतं म्हणून दर महिन्याला डोळे तपासले. चौथ्या महिन्यात काकांची टाच दुखायला लागली. त्यांनी फोनवर सांगितलं, “चपलेने असेल.” मी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. लेव्होफ्लॉक्सासिन, स्टेरॉइड, साठीच्या वरचं वय आणि बसवलेली किडनी, या चौघांच्या एकत्र येण्याने टाचेमागचा स्नायुबंध तुटू शकतो. हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं, पण रुग्ण चप्पल बदलत बसतो. औषध बदलून रिफाब्युटिन दिलं, जे टॅक्रोलिमसला त्या मानाने कमी हात लावतं, आणि महिनाभर दर आठवड्याला लेव्हल केली. वर्षभर उपचार चालले. टीबी गेला, चार किलो परत आले, क्रिएटिनिन १.५ वर थांबलं. डोस मी पुन्हा कधी वाढवला नाही आणि रिजेक्शन एकदाही झालं नाही.

पपनस

२०१८ च्या गणपतीनंतर काका आले ते उजवा हात डाव्या हाताने धरून. हात थरथरत होता. “आरतीचं तबक धरता येईना, पोरांपुढे लाज वाटली. कंपवात तर नाही?” क्रिएटिनिन २.१. घरात सगळ्यांच्या मनात तोच विचार, की किडनी संपली. टॅक्रोलिमसची लेव्हल मागवली. नेहमी सहाच्या आसपास असायची, ती १७ आली.

डोस तोच, कंपनी तीच, वेळ तीच. जुलाब नाहीत, दुसऱ्या डॉक्टरचं औषध नाही. मी खाण्यापिण्याचा एकेक दिवस विचारत गेले. मोदक, उसळ, खीर, सोलकढी. “आणि पपनस. आमच्या परड्यातलं झाड यंदा लगडलं होतं. मी रोज सकाळी अर्धं खायचो, फळ चांगलं म्हणून.” तिथे उत्तर होतं. पपनसातली काही द्रव्यं आतड्यातली ती यंत्रणा बंद पाडतात जी टॅक्रोलिमसचा बराच भाग रक्तात पोचण्याआधीच मोडते. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात दुप्पट-तिप्पट पोचते, हात थरथरतात आणि किडनीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आमच्या छापील पत्रकात ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ असं होतं. कोकणातल्या माणसाला ग्रेपफ्रूट म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही, आणि पपनस हे त्याचंच भावंड आहे हे आम्ही कोणी लिहिलं नव्हतं. पत्रकावर मी त्याच दिवशी पेनाने ‘पपनस’ लिहिलं, पुढच्या छपाईत ते ठळक अक्षरात आलं. दोन दिवस गोळी थांबवली, मग कमी डोसने सुरू केली. दहा दिवसांत हात थांबला, तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.५.

उरलेली वर्षं

२०१९ मध्ये चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि कुटुंब दहिसरला भाड्याच्या घरात आलं. लिफ्ट आणि घरातलं बाथरूम मिळालं, पण तीन मजल्यांचा रोजचा व्यायाम गेला. कोविडची दोन वर्षं फोनवर काढली. १ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांना लस खुली झाली, त्याच आठवड्यात घेतली. जानेवारी २०२२ मध्ये संसर्ग झाला, सौम्य गेला. औषधांना महिन्याला नऊ-दहा हजार लागायचे. पेन्शनीत भागायचं नाही, मुलगी भरायची, आणि तो भार अकरा वर्षं चालतो हे ऑपरेशनआधीच घरच्यांना सांगायला हवं असं मला तिच्याकडे बघून वाटत आलं.

२०२३ मध्ये ते गावी गेले ते शेवटचं. चालण्याचा वेग कमी झाला होता, चार मीटरला सात सेकंद. किडनीच्या कागदावर काही बिघाड नव्हता, पण माणूस थकत होता, आणि हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांवर आलं होतं. या टप्प्यावर मी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्तदाब, साखर यांवर जेवढं लक्ष देते तेवढं टॅक्रोलिमसवर देत नाही. वयस्कर रुग्णाच्या बाबतीत बसवलेली किडनी ‘जाण्याचं’ सगळ्यात मोठं कारण रिजेक्शन नसतं, मृत्यू असतो, आणि त्या मृत्यूंमागे मुख्यतः हृदयविकार, संसर्ग आणि कर्करोग असतात. जानेवारी २०२४ मध्ये पहाटे झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याहत्तर.

आता त्या रकान्याकडे. सगळे मृत्यू ‘किडनी गेली’ यात धरले, तर साठीच्या वरच्यांचे निकाल तरुणांपेक्षा बरेच वाईट दिसतात, आणि कोणीतरी म्हणतं, म्हाताऱ्यांमध्ये किडनी टिकत नाही. किडनी चालू असताना झालेले मृत्यू बाजूला काढून मोजलं, तर तो फरक बराचसा मिटतो. किडनी टिकते, माणूस आधी जातो. सत्तरीतला माणूस कधीतरी जाणारच असतो. दुसऱ्या बाजूने, फक्त हा दुसरा आकडा दाखवून सगळं गोड आहे असं सांगणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही. काकांना मिळालेल्या वर्षांत टीबीचं एक अख्खं वर्ष होतं, मधुमेह होता, तीन वेळा भरती होणं होतं. तिसरा एक हिशेब मी करते आणि तो कुठल्याही नोंदवहीत नसतो: फाइलच्या पहिल्या पानावरचं वाक्य किती वेळा खरं झालं. २०१४ ते २०२३ या दहा वर्षांत कोविडचे दोन गणपती सोडले तर आठ वेळा. टीबीच्या वर्षीसुद्धा ते गोळ्यांची पिशवी घेऊन गेले होते.

डायलिसिसवर राहिले असते तर किती जगले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. एका माणसाची दोन आयुष्यं शेजारी ठेवून बघता येत नाहीत. पण आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास खुर्चीत, दहिसरहून येण्याजाण्याचा वेळ वेगळा, असं पावणेअकरा वर्षांचं गणित मुलीने एकदा मोबाइलवर करून मला दाखवलं होतं. साडेसहा हजारांहून जास्त तास आले होते.

मार्चमध्ये काकू त्यांच्या स्वतःच्या वार्षिक तपासणीला आल्या. एकट्या, लोकलने. वय सत्तर. चार वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. मी फाइल उघडली तेव्हा त्या म्हणाल्या, “ह्यांचा शेवटचा रिपोर्ट आहे का इथे? मला बघायचाय.” मी दाखवला. त्यांनी चष्मा लावला, क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “म्हणजे माझी चालू होती ना?”

“चालू होती.”

त्यांनी मान हलवली, चष्मा काढून केसमध्ये ठेवला आणि हात पुढे केला, रक्तदाब बघायला. १३४/८०. क्रिएटिनिन १.१, लघवीत प्रथिन नाही. पुढची तारीख त्यांना पुढच्या मार्चची दिली आहे.